कुठला गॅस?

गेल्या पावसाळ्यात मला गॅस झाला होता. निदान घरात सगळ्यांचं तसं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. संध्याकाळ झाली की छातीवर कुणी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. खोकल्याची उबळ यायची. जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं, मग पहिल्या मजल्यावरच्यांच्या दारातली रांगोळी बघत असल्याचं नाटक करायचे. आमच्याकडे असल्या सगळ्या तक्रारींना एकच नाव आहे. छातीत दुखलं, गॅस. डोकं धरलं, गॅस. सासरे वारले तेव्हाही आदल्या दिवशी त्यांना गॅसच झाला होता.

माझ्या सासूबाई संगमेश्वराकडच्या. ओव्यावर त्यांचा देवापेक्षा थोडासाच कमी विश्वास. मी कामावरून आले की त्या ओवा आणि सैंधव घेऊन दारातच उभ्या असायच्या. नवरा, प्रशांत, म्हणायचा की तू दुपारचा डबा घाईघाईत जेवतेस. आचोळ्यातले आमचे नेहमीचे डॉक्टर ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायचे आणि डाळी कमी करा म्हणायचे. मी डाळी कमी केल्या, वडापाव सोडला, चहासुद्धा सोडला. त्याने स्वभाव तेवढा बिघडला, छाती होती तिथेच राहिली.

हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांना नक्की काय झालंय हे कुणालाच सांगता येत नाहीये आणि ज्यांना आता स्वतःचाच संशय यायला लागलाय. मी त्यातून गेलेय. फार शहाणी होऊन बाहेर आलेय असं मात्र नाही.

•

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वसईजवळ कामणच्या बाजूला, चिंचोटीच्या अलीकडे, एका केमिकलच्या गोडाऊनमध्ये स्टोअर इन-चार्ज होते. माझं शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री. कंपन्यांचा माल टँकरने आणि ड्रमांतून आमच्याकडे येतो, काही दिवस राहतो आणि लागेल तसा कारखान्यांना जातो. लोकांना वाटतं गोडाऊन म्हणजे माल रचून ठेवायची जागा. रचायचं काय, ते कुणालाही जमतं. कुणाच्या शेजारी कुणाला ठेवायचं नाही, हे खरं काम. ॲसिडच्या शेजारी ब्लीचिंगचं पाणी आलं की विषारी वायू. पेरॉक्साइडच्या जवळ थिनर ठेवलं की आगीला आमंत्रण. फोमच्या गाद्या बनवायला जे केमिकल लागतं, त्यात पाण्याचा थेंब गेला तरी ड्रम फुगून फुटू शकतो. लग्नाच्या पंगतीत कोणत्या काकांना कोणत्या मामांशेजारी बसवायचं नाही हे एखाद्या आत्याला तोंडपाठ असतं ना, ती आत्या मी होते.

आमच्या गोडाऊनची एक म्हण होती: वास नाही, तर त्रास नाही. माझ्या आधीचे इन-चार्ज, आता निवृत्त झालेले, ते म्हणायचे आणि मग सगळेच म्हणायला लागले. गळती शोधायची यंत्रं होती, तीही वापरायचो. पण शेडमध्ये शिरताना प्रत्येकजण आधी नाक वर करून एक मोठा श्वास घ्यायचा. वास आला तर मास्क, वाळूच्या बादल्या, वारा कुठून आहे ते बघून बाहेर. नाही आला तर कामाला लागा. माझं नाक चांगलं होतं. शेठ टँकरवाल्यांना सांगायचे की मॅडमनी हुंगलंय म्हणजे पक्कं. मला त्याचा गर्व होता, नाही म्हणत नाही.

पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा बघायला झुंडीने लोक येतात, बंदी असली तरी येतात. त्या गर्दीत माझे टँकर अडकायचे. मी छत्री घेऊन हायवेपर्यंत चालत जायची, भिजलेल्या पोराटोरांना बाजूला करायची आणि ड्रायव्हरला वाट काढून द्यायची. एवढ्या मोठ्या गाड्या माझ्या हाताच्या इशाऱ्यावर थांबायच्या नि चालायच्या. मी मुद्दाम सांगतेय, कारण आजारपणात मला मरणाची भीती फारशी वाटली नाही. भीती एकच होती. हे दुखणं गोडाऊनमुळे असेल, तर गोडाऊन जाईल. म्हणून मला मनापासून वाटत होतं की हा गॅसच असावा.

•

कॅज्युअल्टीच्या संध्याकाळचं सगळं मला नीट आठवत नाही. स्कूटर लावली आणि जिन्यातच बसले, एवढं आठवतं. श्वास आत जात होता, बाहेर यायला तयार नव्हता. प्रशांत अजून ऑफिसात होता. सासूबाईंनी शेजाऱ्यांच्या मदतीने मला रिक्षात घातलं आणि वसईतल्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. मला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने सासूबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की हिला गॅस झालाय, केमिकलच्या गोडाऊनमधून आत्ताच आलीय. डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"कुठला गॅस?"

"आता कुठला म्हणजे? रोज होतो तिला."

"रोज? आणि बाकीच्या लोकांना?"

"आमच्या घरात सगळ्यांनाच होतो. मला तर लग्नाच्या आधीपासून आहे."

मी हात हलवून नाही नाही म्हणत होते. ते बघून डॉक्टरला वाटलं मी गुदमरतेय, आणि ते काही खोटं नव्हतं. ऑक्सिजन लावला, कपडे बदलले, डोळे धुतले. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा नंबर बघून कुणीतरी गोडाऊनला फोन केला की तुमच्याकडे गॅस गळतोय, तुमची बाई आमच्याकडे गंभीर आहे.

पुढचं मला लीनाने सांगितलं. लीना माझी असिस्टंट, वसईच्या एका गावातली, शांत डोक्याची मुलगी. सायरन वाजला. सगळी शेड रिकामी करून माणसं गेटबाहेर वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी केली. भरून निघालेले दोन टँकर रस्त्यातच थांबवले. शेठ घरच्या कपड्यांतच धावत आले. मास्क लावून, यंत्रं घेऊन एकेक ड्रम तपासला. कुठेच काही नव्हतं. एक झाकणसुद्धा सैल सापडलं नाही.

इकडे वाफेचं औषध दिल्यावर मला श्वास आला. बोलता आलं तसं मी डॉक्टरला समजावलं की सासूबाई पोटातल्या गॅसबद्दल बोलत होत्या. मग त्याने विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? मी म्हटलं, वास आला नव्हता, म्हणजे गळती नसणार. त्याने ते लिहून घेतलं आणि पोटाचीही तपासणी सांगितली.

•

मला बायकांच्या वॉर्डात ठेवलं. शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याची एक मासेविक्री करणारी मावशी न्यूमोनियाने पडली होती. सकाळी उठल्यापासून ती माझ्याकडे फार मायेने बघत होती आणि माझ्या सासूबाईंकडे अजिबात मायेने बघत नव्हती. सासूबाई खाली चहाला गेल्या तशी ती उठून बसली.

"पोरी, कोन त्रास देतं तुला घरात? असं औषध पियाचं नसतं गो."

मला आधी कळेनाच. मग उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी वॉर्डात कुजबुज झाली होती की नव्या बाईची केमिकलची केस आहे. केमिकलची केस, सून, सोबत सासू. मावशीने हिशेब करून टाकला होता. मी हसायला लागले, हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी बघून तर तिची खात्रीच झाली. तिने माझा हात धरला आणि आधी पानी पी, मंग सांग म्हणाली. मी सांगितलं तरी तिला पटायला वेळ लागला. सासूबाईंना हे कळलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. लोकांना आपण सुनेला छळणारी बाई दिसतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं. दिवसभर त्या वॉर्डातल्या प्रत्येकीला मी त्यांची किती लाडकी आहे ते सांगत फिरल्या. मला स्वतःलाही ते त्या दिवशीच कळलं.

हॉस्पिटलातले दिवस एकसारखे असतात. ताप बघणारी येते, झाडणारी येते, मोठे डॉक्टर येतात आणि आपण विचारायचं ठरवलेलं नेमकं विसरतो. दर खेपेला नवीन डॉक्टर. प्रत्येकजण विचारायचा की नक्की काय होतंय, आणि मी प्रत्येकाला थोडं वेगळं सांगायची, कारण मलाही रोज थोडं वेगळंच वाटायचं. छातीचा फोटो चांगला. रक्त चांगलं. हृदय चांगलं. पोटाच्या दुर्बिणीत थोडी ॲसिडिटी दिसली, ती कुणाच्याही पोटात दिसेल. माणसाचे रिपोर्ट चांगले आले की घरचे पेढे वाटतात. मला रडू आलं. सगळंच चांगलं, तर मग मला होत काय होतं?

•

घरी आले, विश्रांती घेतली आणि खडखडीत बरी झाले. जिना सलग चढले. गणपतीला गावी गेलो, तिथे आरत्यांना सगळ्यांत वरचा आवाज माझा. प्रशांत म्हणाला, बघ, टेन्शन होतं. सासूबाई म्हणाल्या, ओवा लागू पडला. शेठचाही फोन आला. आधी तब्येतीची चौकशी केली, मग विचारलं की तुम्ही हॉस्पिटलात गळतीचं सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, वास आला होता का. मी पुन्हा नाही म्हटलं. ते म्हणाले, बस, तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे, या लवकर.

मी गेले. दुपारपर्यंत ठीक होते. संध्याकाळी पोतं पुन्हा छातीवर.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत वाईट वाटतात, हॉस्पिटलपेक्षाही वाईट. कारण आता मला माझंच खरं वाटेना. कामावर जायची भीती बसल्यामुळे दम लागतो, की दम लागल्यामुळे भीती वाटते? एकदा शेडच्या दारात उभी राहून मी मुद्दाम मोठा श्वास घेतला. स्वच्छ होती हवा. पावसाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास, बाकी काही नाही. तरी तासाभरात शिट्टी वाजल्यासारखा श्वास. घरी प्रशांत प्रेमाने म्हणाला की तुझ्या मनात बसलंय ते, आपण एखाद्या मानसोपचारवाल्याला दाखवू. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मात्र त्याच्यासमोर ताट आपटलं आणि आठवडाभर आम्ही जेवण झालं का एवढंच बोललो. कुणी आपल्याला वेडं म्हटल्याचा राग नसतो तो. आपल्यालाही तसंच वाटत असतं, त्याचा राग असतो.

•

शेवटी छातीच्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं की सुट्टीत कशा असता. बस, एवढंच. इतक्या जणांनी मला काय खाता, काय पिता, झोप कशी आहे, हे सगळं विचारलं होतं. सुट्टीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं, कारण सुट्टीत बरं वाटणं हा काही आजार नव्हे.

त्यांनी एक फुंकायची नळी दिली, श्वास जेवढा मोकळा तेवढा तिच्यावरचा काटा वर जातो. कामावर आणि घरी, दोन्हीकडे फुंकायची. घरी काटा वर जायचा, कामावर खाली. आणि फोमच्या केमिकलचे नमुने काढायचे त्या दिवशी तर पारच खाली. तो माल आल्यावर एकेक ड्रम उघडून बाटलीत थोडा नमुना घ्यावा लागतो. ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नसे.

डॉक्टर बाईंनी निदान सांगितलं ती दुपार मला स्वच्छ आठवते. बाहेर कुणीतरी केळी विकत होतं. त्या म्हणाल्या की हा दम्याचाच प्रकार आहे, कामातून आलेला. शरीर एकेका गोष्टीवर असं रुसतं, की मग तिचा कणसुद्धा चालत नाही. मी विचारलं, पण वास?

"त्याचा वास तुम्हाला येईल ना, तोपर्यंत फार उशीर झालेला असेल. वास नाही म्हणून ते नाही, असं नसतं."

मी विचारलं, बाकीची सगळी माणसं तिथेच श्वास घेतात, त्यांना काही नाही, मग मीच का? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मी चांगला मास्क लावला तर? म्हणाल्या, त्याच्या भरवशावर मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही. शेजारच्या शेडमध्ये बसले तर? त्यांनी नकारार्थी मान हलवली. आमच्या भाषेत सांगायचं तर मला आता त्या ड्रमच्या आसपास ठेवता येणार नव्हतं, आणि हा नियम दुसऱ्या कुणाला लागू असता तर मी तो डोळे झाकून पाळला असता. स्वतःसाठी मात्र मी तिथे बसून पळवाटा शोधत होते. पुन्हा गेलात तर छाती कायमची जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर येऊन मी प्रशांतच्या खांद्यावर डोकं टेकलं. गॅस नव्हता म्हणायचं तर तो गॅसच होता. गळती नव्हती हेही खरं. मी खोटं बोलत नव्हते आणि बाकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मग इतके महिने आमचं सगळ्यांचं चुकलं कुठे, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही.

घरी सांगितल्यावर मला वाटलं होतं सासूबाई म्हणतील, मी आधीपासून सांगत होते, सोड ती नोकरी. त्या पाटावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "अगो, तुझा श्वास कोंडत होता आणि मी तुला ओवा चारत होते," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनी उठून भात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या फोमच्या दोन्ही गाद्या सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकल्या. मी त्यांना सविस्तर समजावलं की गादी तयार झाल्यावर ते केमिकल त्यात तसं उरत नाही, धोका नसतो. बीएस्सीला शिकलेलं सगळं ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वॉचमन मात्र अजून भेटला की हात जोडतो. आणि मी? मी सतरंजीवर झोपते. विज्ञान मला ठाऊक आहे, पाठीला ते पटवता आलेलं नाही.

•

शेठ चांगले वागले, हे सांगायला हवं. आधी त्यांना पटेना. त्यांनी स्वतः शेडमध्ये उभं राहून मोठा श्वास घेतला आणि मला फोनवर म्हणाले, मॅडम, काही नाहीये हो. त्यांचा आवाज रडवेला होता. मग डॉक्टर बाईंशी बोलले. आता नमुने काढायची जागा वेगळी केली आहे, तिथे हवा ओढून नेणारा पंखा आहे, आणि वास असो नसो, योग्य मास्क लावल्याशिवाय कुणी ड्रम उघडत नाही. जुनी म्हण अजून कुणाच्या तरी तोंडून निसटते म्हणे. मला विरारला, चंदनसारच्या ऑफिसात बसवलं आहे. टँकर कुठून कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने, ड्रायव्हरकडे कोणते कागद, हे मी बघते. काम महत्त्वाचं आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसतात.

ज्यांना असं काही होत असेल त्यांना एकच सांगणं. डॉक्टरकडे गेलात की काय खाल्लं ते सांगाल तेव्हा हातांनी काय काम करता तेही सांगा, आणि सुट्टीत बरं वाटत असेल तर ते तक्रारीसारखंच सांगा. वेड्यात काढतील, काढू द्या.

परवा लीनाचा फोन आला. आता ती इन-चार्ज आहे. गेटवर एक मिश्र मालाची गाडी आली होती, कागदांवर एक आणि ड्रमांवरच्या पट्ट्यांवर दुसरंच, वरून पाऊस, आणि ड्रायव्हर माल उतरवून घ्या म्हणून हटून बसलेला. तिचा आवाज घाबरलेला होता. मी म्हटलं, आधी गाडी पत्र्याखाली घे पण शेडमध्ये नको, इंजिन बंद कर, ड्रायव्हरला केबिनमधून उतरव. मग एकेक ड्रमची पट्टी वाचायला लावली आणि सांगत गेले: हा पूर्वेच्या भिंतीला, हा त्याच्यापासून लांब, या दोघांच्या मध्ये रिकामी जागा सोड, हे निळे वेगळे ठेव, पाणी लागता कामा नये, आणि ज्याचा मेळ बसत नाही तो उतरवायचाच नाही, पाठवणाऱ्याला फोन लाव, त्यांचं उत्तर येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहू दे. मी डोळे मिटून बोलत होते. सगळी शेड मला दिसत होती, खांब न् खांब.

सांगून संपलं. लीनाने सगळं एकदा परत म्हणून दाखवलं.

मग लीना हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही एवढं बोललात आणि एकदापण खोकला नाहीत."

खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही हव्या होतात इथे. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर रडले, आणि रडतानाही माझा श्वास सरळ चालला होता.